पोट सुटलं, खापर वयावर

पिंपरी-चिंचवडमधल्या कुठल्याही बऱ्या कंपनीत रिजेक्शन वाढलं की दुसऱ्या दिवशी ‘व्हाय-व्हाय’ होतं. जॉब का बिघडला? टूल घासलं होतं. का घासलं? कूलंट कमी येत होतं. का? फिल्टर चोकअप होता. तो साफ का झाला नाही? चेकशीटमध्ये तो पॉइंटच नव्हता. इतकं खोदल्याशिवाय क्वालिटीवाला सही करत नाही. “मशीन जुनं झालंय, साहेब” असं कारण लिहून कागद पुढे केलात, तर तो तसाच परत येतो. तीस-तीस वर्षं ही शिस्त अंगात मुरवलेली माणसं स्वतःच्या ढेरीपाशी आली की पहिल्याच ‘का’ला थांबतात. वजन का वाढलं? वय झालं. रिपोर्ट संपला.

हे उत्तर सगळ्यांच्या सोयीचं आहे, म्हणूनच इतकं टिकलं. पोटवाल्याला सोयीचं, कारण वयापुढे कोणाचं काय चालतं? तीन मिनिटांत पेशंट उरकणाऱ्या डॉक्टरला सोयीचं. एक गोळी वाढवली की काम झालं. कंपनीला तर फारच सोयीचं, कारण वय काही कंपनीने दिलेलं नसतं. घरच्यांनाही बरं वाटतं, “आता काय ह्यांचं डाएट करायचं वय आहे का?” असं म्हणत वरणभातावर तुपाची धार सोडता येते. सगळे खूश. नाराज असतात ते फक्त गुडघे.

निगडीच्या दुर्गादेवी टेकडीवरच्या बाकांवर, कंपनीच्या बसमध्ये, रक्त तपासायला लागलेल्या रांगेत हेच शास्त्र ऐकू येतं: पन्नाशीनंतर शरीराची भट्टी मंदावते, मग पाणी प्यायलं तरी अंगाला लागतं. ते पहिल्यांदा मोडीत काढू. 2021 च्या ऑगस्टमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 29 देशांतली सुमारे 6,400 माणसं, वयं आठ दिवसांपासून 95 वर्षांपर्यंत. कोणाचं शरीर दिवसाला किती ऊर्जा खर्च करतं ते त्यांनी मोजलं. शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण हिशेबात धरल्यावर दिसलं ते असं, की विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास सपाट राहतो. घसरण लागते ती साठीच्या आसपास, आणि तीही वर्षाला पाऊण टक्क्याहून कमी. म्हणजे पन्नाशीच्या माणसाची भट्टी तिशीत होती तशीच आहे. स्नायू गेले असतील, हालचाल गेली असेल, झोप गेली असेल. पण ती कोणीतरी किंवा कशानेतरी नेली आहेत. वयाने परस्पर उचललेली नाहीत.

कोणी नेली, ते या पट्ट्यात बघायला फार लांब जावं लागत नाही. 1990 च्या आसपास बीड, सातारा किंवा जळगावकडून आयटीआय करून आलेला पोरगा भोसरीत चौघांत एक खोली घेऊन राहायचा. सायकलवर कंपनीच्या गेटपर्यंत जायचा, आठ तास लेथपुढे उभा राहायचा, जॉब हाताने उचलून चकात लावायचा. पुढे सायकल गेली, स्कूटर आली, मग बस. लेथच्या जागी सीएनसी आलं, उचलायला हॉइस्ट आला. मग तो सुपरवायझर झाला. खुर्ची आली, स्क्रीन आला. मोशीला फ्लॅट घेतला, त्याला लिफ्ट आली. यातली एकेक गोष्ट मिरवण्यासारखी आहे आणि प्रत्येकीने दिवसातली थोडी हालचाल काढून घेतली. ताट मात्र बावीस वर्षांच्या ऑपरेटरचंच राहिलं.

त्या ताटाकडे जरा जवळून बघा. अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तिथे कँटीन हवं, हे 1948 च्या फॅक्टरी कायद्याच्या 46 व्या कलमात होतं. उपाशी पोटी मशीनवर उभ्या राहणाऱ्या माणसासाठी ते मोलाचंच होतं. पण ताटात येतं काय? चार चपात्या, बटाट्याची रस्साभाजी, भाताचा ढीग, आणि असं वरण की डाळ सापडायला पळी तळापर्यंत न्यावी लागते. नाश्त्याला पोहे, उपमा, नाहीतर वडा. पाळीत दोनदा चहा, साखर आधीच घातलेली. पोट गच्च भरतं, स्नायूला लागणारं प्रोटीन मात्र शोधून काढावं लागतं. शिवाय इथल्या एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची, म्हणून बाकीच्या जगाची शनिवार रात्र आपल्याकडे बुधवारी येते. बुधवारी रात्री ढाब्यावर जे होतं त्याचा हिशेब कोणी मांडत नाही, मीही मांडत नाही.

आणखी एक कारण आहे. ते पन्नाशीतलं नाही. जन्माच्याही आधीचं आहे. आज जे त्रेपन्न-चौपन्न वर्षांचे आहेत त्यांच्यातले कितीतरी जण 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यात, माणदेशात, नगरकडे जन्मले. आया खडी फोडायच्या कामावर, ताटात मिलो आणि सुकडी. आता पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम त्याशेजारी ठेवून बघा. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5 किलोची. पण इथली बाळं हाडापेराने आणि स्नायूंनी जितकी बारीक होती, तितकी चरबीने नव्हती. पोटात असताना टंचाई सोसलेलं शरीर स्नायूंवर काटकसर करतं आणि चरबी धरून ठेवतं. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यूडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र यूडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. काटा दोघांनाही सडपातळच म्हणत होता.

याज्ञिकांनी दुष्काळातल्या पिढीवर हा अभ्यास केला, असं मी म्हणत नाही. त्या पिढीला तो लागू पडतो असं माझं अनुमान आहे, आणि ते धाडसी आहे असं मला वाटत नाही. कमी स्नायू घेऊन जन्मलेल्या शरीराला तीस वर्षं खुर्ची, भात आणि नाईट शिफ्ट दिली तर पोट पुढे येणारच. आयसीएमआरच्या 2023 मधल्या ‘इंडियाब’ पाहणीत देशातले 28.6 टक्के प्रौढ बीएमआयच्या मापाने लठ्ठ निघाले आणि पोटाच्या मापाने 39.5 टक्के. मधला फरक म्हणजे ‘मी काही तसा जाड नाही’ म्हणणारी मंडळी. पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा 80 च्या वर गेला, की काटा काहीही म्हणो, काम सुरू करावं. शिंप्याची टेप पुरते.

आता शिफ्ट. एक आठवडा फर्स्ट, मग सेकंड, मग थर्ड, आणि थर्डची झोप अंगात बसते न बसते तोच पुन्हा फर्स्ट. याला आपण सवयीचं म्हणतो. शरीर म्हणत नाही. 2009 मध्ये फ्रँक शीअर आणि सहकाऱ्यांनी बोस्टनमध्ये दहा जणांचं जेवण आणि झोप प्रयोगशाळेत हळूहळू सरकवत उलटी केली. घड्याळ बारा तासांनी फिरलं तेव्हा पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन 17 टक्क्यांनी घटलं. रक्तातली साखर 6 टक्क्यांनी आणि इन्सुलिन 22 टक्क्यांनी चढलं. तेही अवघ्या काही दिवसांत. आपल्याकडे हाच प्रयोग तीस-तीस वर्षं चालतो, वर नाईट अलाउन्स मिळतो.

आणि हे फक्त पगारी माणसाचं नाही. नवऱ्याची फर्स्ट असली की पहाटे साडेचारला उठून डबा करणारी, आणि सेकंड असली की रात्री बारापर्यंत ताट झाकून बसणारी बाई त्याच शिफ्टमध्ये असते. तिच्या नावावर ना बस, ना कँटीन, ना मेडिकल चेकअप. पाळी जाण्याच्या वयात ही झोपमोड सोसून तिचं वजन वाढलं की निदान तयारच असतं: “बायकांचं असंच असतं.” तिच्या ताटात तर उरलेली पोळी आणि उरलेला भात. डाळीचा तळ मुलाला गेलेला असतो, अंडं नवऱ्याला. चिखलीपासून चाकणपर्यंत ज्या बाया स्वतःही असेंब्लीवर उभ्या राहतात, त्यांची तर दोन्ही पाळ्यांत ड्यूटी.

वयाचं उत्तर कोणी मागे घेतलंच, तर त्याच्या जागी दुसरं तयार असतं: कमी खा. इथे महाराष्ट्रात गाजलेल्या भांडणाचा उल्लेख टाळता येत नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून घेतलेली कल्पना तेव्हा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी नेली: दिवसातून दोनदाच जेवा, 55 मिनिटांत उरका, 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. पलीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खा म्हणत होत्या. 2018 च्या आसपास हळदीकुंकवापासून युनियनच्या ऑफिसपर्यंत लोक या दोन तटांत वाटले गेले होते. दीक्षितांनी लाखो मराठी माणसांना फुकट सल्ला दिला, इन्सुलिन हा शब्द बसस्टॉपवर आणला. त्यांचं श्रेय कमी करण्याची माझी इच्छा नाही. वाद आहे तो त्यांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या अर्ध्या गोष्टीशी. दोनदा जेवायचं सगळ्यांना पाठ असतं, चालायचं ‘सुट्टीच्या दिवशी’ असतं, आणि आधी वाटीभर कोशिंबीर, मोड आलेलं कडधान्य खायचं हे तर कानापर्यंत पोचलेलंच नसतं.

त्यात थर्ड शिफ्टचा माणूस. त्याचं दोन वेळचं जेवण कोणत्या दोन वेळांचं? रात्री साडेनऊला घरून जेवून निघाला, पहाटे तीनला पोटात काही नाही, आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी सुरू आहे. साखर घसरायला एवढं पुरे. प्रेसपुढे उभ्या माणसाची साखर अचानक घसरली तर काय होतं ते शॉपवरच्या कोणालाही सांगायला नको. गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल तर जेवणाच्या वेळा डॉक्टरला विचारूनच बदलायच्या. अर्ध्या सल्ल्यातून हे वाक्य नेमकं गळलेलं असतं.

‘कमी खा’तली मोठी खोट मात्र वेगळीच आहे: काटा खाली आला म्हणजे जिंकलं, असं त्यात धरलेलं असतं. 2010 मध्ये शिकागोच्या एका छोट्या प्रयोगात दहा वजनदार माणसांना सारखाच कमी आहार दिला. चौदा दिवस साडेआठ तास झोपायला, चौदा दिवस साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं, जवळपास तीन किलो. पण पुरेशा झोपेत त्यातली 1.4 किलो चरबी होती. अपुऱ्या झोपेत चरबी गेली अवघी 0.6 किलो, बाकीचं बहुतेक अंगातलं मांस. काट्याने दोन्ही वेळा शाबासकी दिली. नाईट करून, उपाशी राहून सहा किलो उतरवलेला आणि गालफडं बसलेला माणूस “बघा, आठवडाभरात बेल्टचं नवं भोक” म्हणतो, तेव्हा त्याने काय गमावलंय ते काट्याला ठाऊक नसतं. चार महिन्यांनी वजन परत येतं तेव्हा ते चरबीचं येतं. गेलेला स्नायू आपोआप येत नाही.

पन्नाशीतल्या माणसाचा स्नायू किती उरलाय ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. संध्याकाळी नाशिक फाट्याला किंवा चिंचवड स्टेशनला कंपनीच्या बसमधून उतरणारे बघा. तरुण पोरं पायरी न मोजता उतरतात. पन्नाशीतला मात्र आधी दांडा पकडतो, अंग आडवं करतो, एक पाय खाली टेकवून दुसरा शेजारी आणतो, मग हात सोडतो. घरी पंगत मांडली तर मांडी घालतो, उठताना मात्र हात जमिनीला. खुर्चीतून हात न लावता लागोपाठ पाच वेळा उठून बघा. दम लागला किंवा हात आपोआप मांडीवर गेला, तर वजन घटवण्याआधी बळ वाढवायला हवं.

हे वयावर ढकलायला जागा नाही. 1990 मध्ये मारिया फियाटारोन यांनी बोस्टनमधल्या वृद्धाश्रमात नव्वदीच्या आजी-आजोबांकडून आठ आठवडे मांड्यांना चांगलं वजन लावून व्यायाम करून घेतला. ताकद सरासरी 174 टक्के वाढली. नव्वदी! आणि आपल्याकडे बावन्न वर्षांचा फिटर म्हणतो, आता काय राहिलंय. निदान भोसरीच्या माणसाने तरी हे म्हणू नये. या गावाची ओळख कारखान्यांच्या आधी तालमीची होती. तिथल्या म्हाताऱ्या पैलवानांना ‘रेझिस्टन्स ट्रेनिंग’ हे नाव माहीत नव्हतं. जोर आणि बैठका माहीत होत्या. तीस वर्षं बैठक न मारलेल्याने पहिल्या दिवशी शंभर मारायच्या नाहीत, हे वस्तादही सांगेल. खुर्चीवर बसणं-उठणं, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याची कॅन दोन्ही हातांत घेऊन जिना. आठवड्यातून दोन-तीनदा, दर पंधरवड्याला थोडं जड. बीपी, हृदय, गुडघ्याचा आजार असेल तर तपासून. आणि जोडीला ताटात वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रोटीन. सत्तर किलोच्या माणसाने रोज दोन अंडी, दोन वाट्या घट्ट डाळ किंवा उसळ, वाटीभर दही आणि मूठभर दाणे खाल्ले, तर बाकीचं चपाती-भातातून भरून निघतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने हे प्रमाण डॉक्टरकडून घ्यावं. बुधवारचं मटण यात बसतं. नान आणि बाटली बसत नाही.

“पण उतरतं का खरंच, या वयात?” 2002 मध्ये अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना चालणं आणि आहार दिला, तर मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. साठी ओलांडलेल्यांत ते 71 टक्क्यांनी घटलं, म्हणजे तरुणांपेक्षा जास्त. 2017 मध्ये ब्रिटनच्या ‘डायरेक्ट’ चाचणीत अलीकडच्या काही वर्षांत मधुमेह लागलेल्यांपैकी 46 टक्के लोक वजन उतरवून वर्षभरात गोळ्यांशिवाय आटोक्यात आले. ज्यांनी पंधरा किलो किंवा जास्त उतरवलं त्यांच्यात तर 86 टक्के. त्यांत पासष्टीपर्यंतचे लोक होते. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो चेन्नईचा अभ्यास, डॉ. ए. रामचंद्रन यांचा, 2006 चा. तिथे चालणं-खाणं बदललेल्यांचं वजन फारसं उतरलंच नाही, आणि तरी मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे काटा हलला नाही म्हणून चार महिन्यांत सगळं सोडून देणाऱ्याचा, शरीर ऐन सुधारत असताना, डाव अर्ध्यावर राहतो.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचंही बोलून टाकू, कारण 2025 मध्ये मौंजारो आणि वेगोवी इथे आल्यापासून पगारवाढीच्या गप्पांत त्यांचे भाव येतात. ही औषधं काम करतात, वजनाने खरोखर गांजलेल्यांना ती डॉक्टरच्या देखरेखीखाली जरूर मिळावीत. पण त्यांनी उतरलेल्या वजनातही स्नायूचा वाटा असतो, आणि ती थांबवली की भूक परत येते. प्रोटीन आणि बैठक ती घेणाऱ्यांनाही चुकत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप: मग माणसाची काही जबाबदारीच नाही का, सगळं कंपनीवर? आहे की. दांडा पकडून उतरणाऱ्याच्या वतीने बैठक दुसरं कोणी मारणार नाही, आणि बुधवारचा ढाबा कोणत्याही मॅनेजरने त्याच्यावर लादलेला नाही. पण ज्याला दर आठवड्याला वेगळ्या वेळी झोपावं लागतं, ज्याचं दुपारचं ताट ठेकेदार ठरवतो, आणि तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये ज्याची संध्याकाळ जाते, त्याला गेटवर ‘आरोग्य हीच संपत्ती’चा बोर्ड दाखवून मोकळं होता येत नाही. कंत्राटी पोराला तर बोर्ड वाचायलाही थांबू देत नाहीत.

आणि युनियनलाही जाब विचारला पाहिजे. या पट्ट्यात वेतनकरार दर तीन-साडेतीन वर्षांनी होतात. वाढ किती, बोनस किती, वारसाला नोकरी द्यायची की नाही, यावर रात्र-रात्र बोलणी चालतात, आणि कँटीनचा मुद्दा चहाच्या दरापाशी संपतो. पुढच्या मागणीपत्रात पगाराच्या आकड्याखाली एवढं तरी घाला: ताटात रोज अंडं किंवा उसळ आणि वरणात मोजून डाळ, साखर वेगळी ठेवलेला चहा, पाळी उलटी फिरवायची नाही, फर्स्टनंतर सेकंड आणि मगच थर्ड, आणि थर्डनंतर पुरती विश्रांती, पंचेचाळिशीनंतर नाईटमधून बाहेर पडण्याचा पर्याय, पगार न कापता, वार्षिक तपासणीत वजनाबरोबर कमरेचा घेर आणि खुर्चीतून उठण्याची चाचणी, आणि त्या तपासणीला कामगाराच्या बायकोलाही बोलावणं. मॅनेजमेंट म्हणेल, खर्च येतो. येतो. पण पन्नाशीतला एखादा टूलमेकर बायपाससाठी तीन महिने रजेवर गेला की त्याच्या जागी शिकाऊ पोराला उभं करून किती जॉब रिजेक्ट होतात, त्याचा ‘व्हाय-व्हाय’ त्यांच्याकडे फाइलला लावलेला असतो. बोलणीच्या दिवशी तो मागून घ्या.